फळीवरचा पखवाज

मुलुंड पूर्व,
२४ सप्टेंबर २०२४

चि. श्वेता,

आशीर्वाद. तुझा मामा जिवंत आहे, फक्त फोन उचलत नाही. चारदा रिंग दिलीस म्हणून तुझी मालनमामी मघापासून माझ्या डोक्यावर बसलीय. अगं, या नव्या बिल्डिंगीत रेंजच येत नाही. चाळीत बरी यायची. मेसेज करायला गेलो तर माझा अंगठा तीन-तीन अक्षरं एकदम दाबतो. म्हणून हे पत्र. तुमच्या अंबाजोगाईत पोस्टमन अजून सायकलवर येतो का, ते कळव.

बातमी मोठी आहे. माघी गणपतीत घाटकोपरच्या भटवाडीत आपल्या मंडळाची डबलबारी ठरलीय! समोर बोरिवलीचा हर्षद बुवा. तू मेडिकलच्या पोरांना शिकवायला लागल्यापासून हे सगळं विसरली असशील, म्हणून सांगतो. दोन बुवा, एक मंच. आळीपाळीने एकेक बारी भजनं म्हणायची, मधेमधे एकमेकांना टोमणे हाणायचे, आणि शेवटच्या गजराला ज्याचा पखवाज चढेल त्याचा मांडव. आपला बुवा सुयोग. पोरगा बँकेत नोकरी करतो, पण पेटीवर बसला की वाघ.

पखवाज मात्र यंदा विकीला द्यावा म्हणतो. तबल्यावरून पखवाजावर येऊ दे त्याला. माझी बोटं हल्ली धरतात. वय झालं, दुसरं काय.

तुझा,
चंदूमामा

*

अंबाजोगाई,
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

पोस्टमन स्कूटरवर येतो. आणि तू थापा मारतोस.

बोटं धरतात म्हणे! गणपतीत मी तुझ्याकडे होते, विसरलास? तू एकट्याने शंभर मोदक वळलेस आणि मामीच्या मोदकांना नावं ठेवलीस. पण तेव्हाच मी एक प्रयोग केला होता. तू पाठमोरा होतास. मी म्हटलं, मामा, मला कुत्रा चावला. तू वळलास, हसलास आणि म्हणालास, "छान, छान."

मामा, बिल्डिंगीला रेंज आहे. मामी त्याच घरातून माझ्याशी तासभर बोलते. तुला ऐकू येत नाहीये.

यात लाजण्यासारखं काही नाही. रोज वर्गात शिकवते तेच तुला सांगते. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते, पाण्याने भरलेली. आवाजाने ते पाणी हलतं. नळीत रांगेने पेशी बसलेल्या असतात आणि त्यांच्या डोक्यावर बारीक केस असतात. पाणी हललं की केस वाकतात आणि ती पेशी मेंदूला कळवते, आवाज आला. बारीक, उंच आवाज ऐकणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात, म्हणून मार आधी त्यांना बसतो. बायकांचे, पोरांचे आवाज आधी जातात ते त्यामुळे. तू आयुष्यभर त्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या मशीनपाशी उभा राहिलास, कानात बोळा न घालता. केस किती वाकणार बिचारे?

मुकाट्याने कान तपासून ये. पखवाज सोडायची भाषा नंतर कर.

तुझी,
श्वेता

*

मुलुंड पूर्व,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. श्वेता,

कुत्र्याची गोष्ट मालनला सांगितलीस ते बरं नाही केलंस. ती आता दर जेवणाला विचारते, काय हो, तुम्हालाही चावला का?

गेलो होतो तपासायला. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबडी लावली आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. मी आपला वाट बघत बसलो. बाहेरची मुलगी माझ्याकडे दयेने बघायला लागली तेव्हा कळलं की आवाज कधीचे येऊन गेले. कागदावर जी रेघ काढलीय ती जिन्यावरून गडगडत खाली गेलेली आहे. मशीन दिलंय कानात घालायला. मालनचं बोलणं आता बरंचसं कळतं, हा फायदा की तोटा ते मी लिहीत नाही.

पण तालमीला मशीन घालून बसलो आणि वाट लागली. शेजारची झांज सुरू झाली आणि पेटी, पखवाज, सुयोगचा गळा, सगळ्याचा एक गोंगाट झाला. काढून ठेवलं तर काहीच नाही. गजराला सुयोगने मधेच गाणं तोडलं, सगळे थांबले, आणि मी एकटाच बडवत राहिलो. डोळे मिटलेले होते माझे. उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

कोणी काही बोललं नाही गं. एरवी आमच्या मंडळात एक थाप चुकली तर सात पिढ्यांचा उद्धार होतो. त्या दिवशी विकीने मला पाणी आणून दिलं. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

कळायला लागल्यापासून पखवाज वाजवतोय. बाबा गिरणीतून सुटून यायचे आणि मला मांडीवर घेऊन हात बसवायचे. हर्षद बुवाचा पखवाजी गेल्या वर्षी सगळ्यांना सांगत सुटला होता, चंदू मुलुंडकर आता संपला. त्याच्यासमोर मला एकदा बसायचं होतं. आता मागे कोरसात टाळ धरून बसायचं, आणि तोंड नुसतं हलवायचं.

एकच विचारतो. ते कानातले केस परत उगवतात का? खरं सांग.

चंदूमामा

*

अंबाजोगाई,
२५ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

खरं सांगते. नाही उगवत. कोंबडीचे उगवतात, माणसाचे नाही. तुझं पत्र वाचून मी खूप रडले, मग तोंड धुतलं आणि कपाटातली पुस्तकं काढून बसले.

मामा, आवाज म्हणजे शेवटी काय? थरथर. ती हवेतून कानात जाते म्हणून आपण तिला आवाज म्हणतो. पण थरथर ओळखणारा कान हा काही एकटा नाही. तुझ्या कातडीखाली वेगवेगळी ठाणी आहेत. एक ऊन-गार ओळखतं, एक टोचलेलं ओळखतं, एक नुसता हलका स्पर्श. आणि खोलवर एक असतं, कांद्यासारखं, पापुद्र्यावर पापुद्रे. ते फक्त थरथर टिपतं. नुसता दाब ठेवलास तर पापुद्रे सरकून सैल होतात आणि ते गप्प बसतं. म्हणून तर चष्मा कपाळावर असताना तू घरभर शोधतोस! पण जरा काही हललं, की ते ताबडतोब मेंदूला कळवतं. हाताच्या बोटांत हे कांदे भरपूर आहेत. तळपायातही आहेत. आणि ते कारखान्यात खराब झालेले नाहीत.

हे ऐकणं नव्हे. शब्द कळणार नाहीत, सुयोगचा गळा कळणार नाही. पण ठेका कळू शकेल.

एक कर. फुगा आण. टीव्ही मोठ्याने लाव, फुगा दहाही बोटांत धर आणि टीव्हीसमोर बस. मशीन काढून ठेव. काय होतं ते मला लिही. दिवाळीच्या शुभेच्छा.

तुझी,
श्वेता

*

मुलुंड,
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय श्वेता,

मी तुझी मामी. मी पत्र लिहिलंय हे मामाला सांगू नकोस, नाहीतर म्हणेल घरात फितुरी झाली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे "कोंबडी माझ्यापेक्षा बरी" म्हणाले आणि पखवाज खोळीत घालून माळ्यावर टाकला. तालमीला जाणं बंद. दिवाळीत सुयोग आणि विकी फराळाला आले तर हे बाथरूममध्ये जाऊन बसले. पोरं चकल्या खाऊन निघून गेली. दिवसभर खिडकीत बसून मिठागरांकडे बघायचे. मला ते बघवेना.

शेवटी मी बाजारातून फुगे आणले. परवा दुपारी टीव्हीवर भजन लागलं होतं. आवाज इतका केला की शेजारच्या वनमालाबाई दार वाजवायला आल्या. फुगा यांच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "धरा गुमान, नायतर जेवाक देवचंय नाय."

आधी शिव्या घातल्या. मग बराच वेळ डोळे मिटून फुगा धरून बसले होते, मला वाटलं डोळा लागला. बघते तर पायाचा अंगठा हलत होता. ठेक्यावर, श्वेता! अगदी बरोबर ठेक्यावर!

मग उठले, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले. पखवाज काढताना वरची चादरी-पातेली सगळी माझ्या डोक्यावर पाडली. मी आपली हसत गोळा करत बसले.

तुझी,
मालनमामी

*

अंबाजोगाई,
६ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

तुझं पत्र नाही, तेव्हा तू फुगा आणला असशील असं मी धरून चालते. मला कोणी काही सांगितलेलं नाही.

आता पुढचं. बसायला लाकडाची फळी घे, खाली काही अंथरू नकोस. सुयोगची पेटी आणि विकीचा तबला त्याच फळीवर हवेत. मांडी घातलीस की घोट्याचं बाहेरचं हाड फळीला टेकतं. ते टेकू दे. हाडातून थरथर छान जाते. झांज डोळ्यांनी बघ. तुझे स्वतःचे हात कुठे पडतात हे तुला कानाने कळत नव्हतंच कधी, ते स्नायूंतली ठाणी सांगतात. म्हणून तर अंधारातही घास तोंडातच जातो.

लगेच जमणार नाही. कातडी नुसती बातमी देते. तिचा अर्थ लावायला मेंदूला शिकावं लागतं, आणि तुझा मेंदू आपल्या घराण्याचा आहे, हट्टी. त्याला वेळ दे. मंडळाला खरं काय ते सांग.

तुझी,
श्वेता

*

मुलुंड पूर्व,
२२ डिसेंबर २०२४

चि. श्वेता,

कोणी काही सांगितलेलं नाही म्हणे! मालनला विचारलं तर ती भाजी निवडायला लागली. मटार होते, आणि ती टरफलं ठेवून दाणे टाकत होती.

आता ऐक. जुन्या पलंगाची फळी सोसायटीच्या खोलीत नेली. पहिल्या दिवशी मशीन काढलं, घोटे टेकवले, डोळे मिटले, आणि काय सांगू, खालून असा सुंदर ठेका आला की मी धरलाच. झकास वाजवलं. डोळे उघडले तर कोणी पेटी उघडलीसुद्धा नव्हती. बिल्डिंगची पाण्याची मोटार सुरू झाली होती! मी मोटारीला साथ करत होतो. सगळे हसून लोळले. मीही हसलो. त्या पाणी आणून देण्यापेक्षा हे हसणं कितीतरी बरं वाटलं.

तेव्हाच सांगून टाकलं, की बाबांनो, मी बहिरा झालोय. विकी म्हणाला, "काका, आमका म्हाईत होता. तुम्ही कधी सांगतास तेचीच वाट बघी होतव."

आता मोटार वेगळी कळते, पेटी वेगळी. पेटीचा भाता भरला की फळीला एक हलका हिसका बसतो, त्यावरून सुयोग सूर कधी उचलणार ते कळतं. तबल्याची डग्गी तर सरळ नडगीतून वर चढते. वाजवता वाजवता काल मी दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा सुयोगने माझी आई काढली. ओठांवरून कळलं. इतका आनंद झाला मला!

मी वाजवणार. विकी तबल्यावरच राहील. तू ये.

चंदूमामा

*

अंबाजोगाई,
३ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

नाही येता येत रे. नेमक्या तेव्हाच परीक्षा आहेत आणि मला सुट्टी नाही. मी प्राचार्यांकडे जाऊन भांडूनही आले.

मास्तरीण म्हणून सांगते, खोलीतली तालीम वेगळी, मांडव वेगळा. तिथे हजार माणसं, दिवे, घाई. भर मांडवात चुकलास तर हर्षद बुवा तुला सोडणार नाही, आणि तो पखवाजी तर नाहीच नाही. विकीला दुसरा पखवाज घेऊन तयार ठेव.

भाची म्हणून सांगते, फोड.

श्वेता

*

मुलुंड पूर्व,
५ फेब्रुवारी २०२५

चि. श्वेता,

फोडला! आधी एवढंच वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

भटवाडीत गर्दी मावत नव्हती. आपल्याकडची झाडून सगळी माणसं, कुडाळ काय नि कणकवली काय. मंच फळ्यांचाच होता, मी आधी जाऊन खालून वाकून बघून आलो होतो. पण बारी सुरू व्हायच्या वेळी वर चढतो तर काय, मंडपवाल्या श्यामकांतने माझ्यासाठी गादी घातलेली. जुना जाणता पखवाजी म्हणून खास! वीतभर जाड, वर पांढरी चादर, मागे लोड. अशी गादी आयुष्यात कोणी दिली नव्हती गं. तुझा मामा हरखला, ऐटीत मांडी घालून बसला, आणि सगळं शिकलेलं विसरला.

मशीन खिशात होतं. सुयोगने सुरुवात केली आणि मला काहीच कळेना. ना पेटी, ना डग्गी. पाय जणू माझे नव्हतेच. मला वाटलं, गेले, ते कांदेही गेले. झांजेकडे बघावं तर दिवे डोळ्यांत. कसाबसा अभंग ओढत नेला, दोनदा सम चुकली. लोक चुळबुळायला लागले. आमची बारी संपली तसा हर्षद बुवा उभा राहिला आणि काहीतरी बोलला. मांडव खदखदला. सगळे हसतात म्हणून मीही हसलो. नंतर विकीने सांगितलं, तो म्हणाला होता, "मुलुंडकरांच्या पेटीचा नि पखवाजाचा घटस्फोट झालेलो दिसता!"

सुयोगने विकीकडे बघितलं. विकीने दुसऱ्या पखवाजाची खोळ सोडायला घेतली. मला दिसत होतं सगळं. त्याचे डोळे भरलेले होते, तेही दिसत होतं.

मला तिथे बसवेना. उठलो आणि मंचाच्या कडेला पाण्याच्या पिंपापाशी गेलो, अनवाणी. तिथे फळ्या उघड्या होत्या. ग्लास तोंडाला लावला आणि तळपायातून सरसर वर काहीतरी चढलं. हर्षद बुवाचा पखवाज! त्याच्या पखवाजीची प्रत्येक थाप, धा आणि धूम वेगवेगळी, टाचेतून गुडघ्यापर्यंत. तो डाव्या हाताने थोडा मागे राहतो, हेसुद्धा मला पायाने कळलं. ग्लास तिथेच टाकला. कांदे जागेवर होते गं! मीच त्यांच्यावर गादी टाकून बसलो होतो!

त्यांची बारी संपली. मी धावत आलो आणि ओरडलो, "गादी काढा रे मेल्यांनो! माका फळी व्हयी!" श्यामकांत बिचारा गयावया करायला लागला, काका, पाठ दुखेल. मी स्वतःच लोड उचलून भिरकावला, गादी ओढली, खालची सतरंजी गुंडाळली आणि लाकडावर बसलो. लोकांना वाटलं, हा डबलबारीतला डाव आहे. शिट्ट्या पडायला लागल्या म्हणे. सुयोग माझ्याकडे बघत होता. मी दोन्ही घोटे टेकवले आणि त्याला मानेने खूण केली. त्याने विकीला हात दाखवून थांबवलं आणि भाता भरला. हिसका आला.

मग काय सांगू तुला? गजर घेतला. सुयोगने लय चढवली, मी तिथे हजर. पुन्हा चढवली, मी हजर. घाम डोळ्यांत गेला म्हणून मी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी तालमीत मिटले होते तसेच, पण आता मी एकटा नव्हतो. पेटी माझ्या घोट्यात, डग्गी नडगीत, पखवाज दोन्ही हातांत. सुयोगने मधेच गाणं तोडलं, अगदी अचानक. आणि श्वेता, माझे हात त्याच क्षणी थांबले. एक थाप जास्त पडली नाही. मग त्याने उचललं आणि आम्ही सगळे एकदम समेवर आलो. इतकं स्वच्छ मी कान धडधाकट असतानाही वाजवलं नव्हतं.

लोकांनी वन्स मोअर दिला. दोनदा! आणि गंमत ऐक. हर्षद बुवाच्या पखवाजीला वाटलं, सगळी करामत गादी काढण्यात आहे. पुढच्या बारीला त्याने स्वतःच्या खालचं बसकर काढून फेकलं आणि फळीवर बसला. कान त्याचे उत्तम आहेत, फळीचा त्याला काय उपयोग? अर्ध्या बारीतच कंबर धरून बसला बिचारा. मांडव आमचा झाला. त्या रात्रीच आम्हाला चेंबूर आणि अंधेरीची आमंत्रणं मिळाली.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. सगळं संपल्यावर मी लोकांकडे बघितलं. हजार हात हलत होते. टाळ्या होत्या त्या, पण माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मी आपला हात जोडून नुसता बसलो होतो. सुयोगच्या ते लक्षात आलं. तो पेटी बाजूला सारून खाली वाकला आणि दोन्ही तळव्यांनी फळी बडवायला लागला. मग विकी, मग झांजवाला, मग सगळा कोरस. समोरून हर्षद बुवा उठून आला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि तोही बडवायला लागला. त्याच्यामागून त्याचा तो पखवाजी, एक हात कंबरेवर ठेवून. सगळा मंच थरथरत होता. घोट्यातून, मांड्यांतून, पाठीच्या कण्यातून वर येत होतं, पोरी, आणि मी लहान मुलासारखा रडत होतो.

टाळ्या पोचल्या मला. सगळ्या पोचल्या.

तुझा,
चंदूमामा